अंगावरून वारं गेलं तर : चिनी काढा, साखर आणि आपण

आपल्याकडे लकवा मारला की म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." गंमत बघा, चीनमध्येही या आजाराचं जुनं नाव आहे चोंगफंग, म्हणजे वाऱ्याचा तडाखा. मधुमेहाला तिथे शियाओख म्हणतात. त्याचा अर्थ शरीर झिजणं आणि सारखी तहान लागणं.

हे दोन्ही आजार एकाच माणसाला का गाठतात? रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की रक्तवाहिन्या आतून खराब होतात. मग मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर वाहिनी फुटते. म्हणून साखर असणाऱ्यांना लकव्याचा धोका जास्त.

चीनमध्ये यावर जडीबुटीची मोठी परंपरा आहे. वांग छिंगरन नावाच्या वैद्यांनी 1830 साली एका ग्रंथात एक काढा सांगितला, बूयांग हुआनवू. लकव्यानंतर लुळ्या राहिलेल्या अंगासाठी तो आजही देतात. त्यात सात वस्तू असतात. ह्वांगची नावाची मुळी सर्वांत जास्त, आणि बाकीच्या थोड्या थोड्या. त्यांत पीचच्या बियांचा गर आहे, वाळवलेलं गांडूळ आहे आणि आपल्या ओळखीच्या करडईच्या फुलांच्या पाकळ्याही आहेत. वांग यांचा विचार असा, की अंगातली शक्ती निम्मी झाली म्हणून रक्त साचतं. आधी शक्ती भरून काढा, मग रक्त हलतं करा.

पण मैत्रिणींनो, गुठळी आहे की रक्तस्राव, हे नाडी पाहून कळत नाही. त्यासाठी डोक्याचं सीटी स्कॅन लागतं. रक्तस्राव असताना रक्त पातळ करणारं काही दिलं तर जिवावर बेततं. अशा रक्तस्रावासाठीच्या एका चिनी औषधाची चीनमधल्याच डॉक्टरांनी 26 दवाखान्यांत, सोळाशेहून जास्त रुग्णांवर तपासणी केली. निम्म्यांना खरं औषध दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी. 2024 साली निकाल आला : दोन्ही गटांत फरक नाही. परंपरेचा मान ठेवूनही ती तपासून बघता येते, हे यातून शिकायचं.

दुसरी गोष्ट साखरेची. चीनमध्ये शियाओख नावाचीच मधुमेहाची गोळी मिळते. तिच्यात जडीबुटीबरोबर ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं ॲलोपॅथीचं औषध असतं, आणि तसं ते जाहीरही केलेलं असतं. पण बनावट औषधात ते लपवलेलं असतं. 2009 साली चीनच्या शिनजियांग भागात अशाच बनावट कॅप्सूलमध्ये हे औषध प्रमाणाबाहेर निघालं, आणि दोघांचा जीव गेला. साखर एकदम उतरली की घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपते. कधी कधी एक बाजू लुळी पडून लकव्यासारखंच दिसतं.

बाजारात कुणी "चिनी", "आयुर्वेदिक", "शंभर टक्के नैसर्गिक" असं सांगून साखरेची पुडी विकत असेल, तर हे आठवा. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. साखरेची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर कोणताही काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. आणि चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आता हे पाठ करून ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की लगेच 108 ला फोन. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. माणसाला साखर आहे हे आधी सांगा, म्हणजे ते पहिल्यांदा साखर तपासतील. तोंडात काढा, पाणी, गोळी काहीही घालू नका. गिळता येत नसेल तर ते छातीत जातं. मालीश करण्यात वेळ घालवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करूया : ज्यांच्या घरी साखरेचा रुग्ण आहे, त्यांनी चालू गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवायची. खाली मोठ्या अक्षरांत 108. भेटूया पुढच्या वेळी, काळजी घ्या.