सॅकमधले सामान आणि हातातले कसब

पावसाळा सुरू झाला, की शनिवारी रात्री लोणावळा स्थानकात पाठीवर फुगलेल्या सॅक घेतलेले तरुणांचे गट उतरू लागतात. बहुउपयोगी चाकू, डोक्याला बांधायची विजेरी, चकमक, होकायंत्र, जीपीएसचे घड्याळ अशी सारी सिद्धता त्या सॅकमध्ये असते. तुंगार्ली, वलवण मागे टाकून ही मंडळी राजमाचीच्या वाटेला लागतात. त्यांतील किती जणांनी ते होकायंत्र घरी एकदा तरी हातात धरून पाहिले असेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

वलवण सर्वांना ठाऊक आहे ते धरणामुळे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या तलावांपैकी हा एक. त्याचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहाकडे जाते आणि ते वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. या परिसरातून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत सुमारे १५ किलोमीटरची कच्ची वाट आहे. लख्ख उन्हात ती अगदी सोपी. धुके उतरले, की उल्हास नदीची दरी दिसेनाशी होते, दहा पावलांवरचा फाटा हरवतो आणि गुरांनी पाडलेल्या पायवाटा खऱ्या वाटेसारख्याच भासू लागतात.

अशा वेळी काय घडू शकते, याचे उदाहरण लोणावळ्याला नवे नाही. मे २०२२ मध्ये नागफणीच्या परिसरात एकटाच गेलेला एक तरुण वाट चुकला. आपण हरवलो आहोत, हे त्याने फोनवरून कळवले. नंतर फोन बंद पडला. शिवदुर्ग मित्र या लोणावळ्याच्या संस्थेसह अनेक पथकांनी शोध घेतला. काही दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह सापडला. हरवल्याचे कळवता येणे आणि आपण नेमके कोठे आहोत हे सांगता येणे, यांत केवढे अंतर असते!

होकायंत्राच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाच्याही आत आहे. त्यामुळे अनेक देशांतील गिर्यारोहकांना करावी लागणारी बेरीज-वजाबाकी येथे लागत नाही. तरीही सुई स्थिर होईपर्यंत थांबणे, ती चाकूपासून व मोबाइलपासून दूर धरणे, दिशेच्या रेषेत एखादे झाड हेरून तेथवर जाणे आणि पुन्हा नवे झाड हेरणे, हे सारे हाताच्या सवयीनेच जमते.

पुस्तकातून उचललेल्या युक्त्यांची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरावा, तो आणि बाराचा आकडा यांच्या मध्यावर दक्षिण समजावी, ही युक्ती बहुतेकांनी कोठेतरी वाचलेली असते. ती युरोपात ठीक. लोणावळा सुमारे पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला नव्हे, तर किंचित उत्तरेला असतो. म्हणजे काजवे आणि धबधबे पाहायला गर्दी उसळते, नेमक्या त्याच दिवसांत ही युक्ती फसवते. ध्रुवताराही येथे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर, म्हणजे हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या मुठींएवढ्या उंचीवर असतो. डोंगराआड वा ढगाआड जायला त्याला फार वेळ लागत नाही. ज्याने मे महिन्यात अंगणात काठी रोवून तिची सावली पाहिली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

सरावासाठी दुर्गम कडा लागत नाही; वलवणच्या आसपासची ओळखीची वाट पुरते. किलोमीटरचे दगड असलेल्या रस्त्यावर चालून आपली शंभर मीटरना किती पावले पडतात ते मोजावे, मग तेच चढावर आणि चिखलात मोजावे. आकडा बराच वाढतो. दर फाट्यावर मागे वळून पाहावे, कारण परतताना तीच वाट उलट्या बाजूने अनोळखी वाटते. आठाची गाठ भिजलेल्या दोरीवर, डोळे मिटून बांधता येते का, ते पाहावे. चकमकीची परीक्षा जंगलात नको, वणव्याचा धोका असतो. घराच्या अंगणात, पावसाने ओल्या झालेल्या फाट्यांवर ती घ्यावी. वरचे ओले लाकूड तासून आतला कोरडा गाभा काढल्याशिवाय महागडी चकमकही काही करत नाही, हे तेथेच समजते.

शिट्टी ही सर्वांत स्वस्त वस्तू, पण तिचाही संकेत आहे. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा सहा वेळा. उत्तर तीन शिट्ट्यांनी येते. गटातील प्रत्येकाला हा संकेत ठाऊक असावा. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे निघण्यापूर्वी घरी लिहून ठेवावे. वेळ टळली तर घरच्यांना ११२ क्रमांकावर नेमकी वाट सांगता येते आणि शोधपथक पहिल्या रात्रीच योग्य दिशेने निघू शकते.