कच्च्या फोटोंचे पक्के किस्से

२४ मेगापिक्सेलच्या फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. बहुतेक कॅमेऱ्यांत या तिन्हींपैकी एकच आकडा खरोखर मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले! म्हणजे तुमच्या लाडक्या फोटोतले दोन तृतीयांश आकडे गणिताने दिलेले आहेत.

कारण साधं आहे. सेन्सरला रंग ओळखता येत नाही, उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एकेक रंगीत फिल्टर बसवतात. कोणता फिल्टर कुठे, हा आराखडा कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांचा. त्याचं पेटंट मिळालं १९७६ मध्ये. त्यांनी हिरवे फिल्टर लाल किंवा निळ्याच्या दुप्पट ठेवले, कारण बारकावे टिपताना आपल्या डोळ्याची मोठी भिस्त हिरव्या उजेडावर असते. आजही बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल याच आराखड्यावर चालतात.

रॉ फाइल म्हणजे हे मोजलेले आकडे, जवळपास जसेच्या तसे. जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्याने वाढलेलं ताट, तर रॉ म्हणजे शिधा. तो शिजवायला सॉफ्टवेअर लागतं. आनंदाची गोष्ट अशी की यातली काही फार चांगली सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहेत आणि त्यांचा सोर्स कोडही कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही त्यातली दोन मोठी नावं. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्यानेही ती दहा कॉम्प्युटरवर टाकली तरी कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही.

एक माणूस, एक फाइल, शेकडो कॅमेरे

रॉ फाइलचा साचा प्रत्येक कंपनीचा वेगळा, पुष्कळदा प्रत्येक मॉडेलचाही वेगळा, आणि तो कसा वाचायचा हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. १९९७ मध्ये डेव्ह कॉफिन नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरने हे कोडं एकट्याने सोडवायला घेतलं. नमुन्याच्या फाइल घ्यायच्या, त्यातले बाइट तपासत बसायचं, कोणता आकडा कशाचा ते शोधायचं. यातून उभा राहिला डीसीरॉ हा प्रोग्रॅम. सगळा कोड सी भाषेतल्या एकाच फाइलमध्ये, हजारो ओळींचा. कोणत्याही डिजिटल कॅमेऱ्याची रॉ फाइल, कोणत्याही कॉम्प्युटरवर, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर उघडायची, असा संकल्पच त्यांनी कोडच्या सुरुवातीला लिहून ठेवला आणि २०१८ पर्यंत निभावला. शेकडो मॉडेलच्या फाइल त्यांनी वाचण्याजोग्या केल्या. खुल्याच नव्हे, विकतच्या अनेक सॉफ्टवेअरमध्येही हा कोड पोचला. पुढे लिबरॉ ही लायब्ररी त्यातूनच वाढली. माझ्या मते डिजिटल फोटोग्राफीच्या इतिहासात कॉफिन यांचं नाव मोठ्या कॅमेरा कंपन्यांच्या बरोबरीने घ्यायला हवं.

जाता जाता एक गंमत. डीसीरॉला कॅपिटल डी हा पर्याय देऊन रॉ फाइल उघडली, की रंग न भरलेला मूळ राखाडी फोटो मिळतो. तो भरपूर मोठा करून पाहा, बायर यांची चौकट स्वच्छ दिसते.

२००५चं कुलूप

निकॉनने २००५ मध्ये डी२एक्स या महागड्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमधली व्हाइट बॅलन्सची माहिती एन्क्रिप्ट केली. फोटो फोटोग्राफरचा, कॅमेरा त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला, पण त्यातली एक नोंद मात्र बंद पेटीत. फोटोशॉपच्या निर्मात्यांपैकी एक असलेले थॉमस नॉल यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. हे कुलूप फोडणं अमेरिकी कॉपीराइट कायद्यात अडकू शकतं, अशी फोटोशॉप विकणाऱ्या ॲडोबीची चिंता होती. कॉफिन यांनी ते एन्क्रिप्शन उलगडलं आणि आपल्या कोडमध्ये सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. खुला सोर्स का हवा, याचं याहून थेट उत्तर मला माहीत नाही. आपला फोटो आणखी तीस वर्षांनीही आपल्याला उघडता यायला हवा, मग ती कंपनी तेव्हा असो वा नसो.

स्ट्रिंग थिअरीवाला आला ठिपके भरायला

१९८५ मध्ये प्रिन्स्टनमधल्या चार भौतिकशास्त्रज्ञांनी हेटेरॉटिक स्ट्रिंगचा सिद्धांत मांडला. ‘प्रिन्स्टन स्ट्रिंग क्वार्टेट’ म्हणून ही चौकडी ओळखली जाते. त्यातले डेव्हिड ग्रॉस यांना पुढे, वेगळ्या कामासाठी, नोबेल मिळालं. याच चौकडीतले एमिल मार्टिनेक नंतर शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि फोटोग्राफीच्या नादापायी त्यांनी रॉथेरपीसाठी ‘अमेझ’ नावाची पद्धत लिहिली. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन तृतीयांश आकड्यांचा अंदाज अधिक अचूक कसा बांधायचा, हेच तिचं काम. बारीक जाळी, साडीची वीण, कौलांच्या रांगा अशा ठिकाणी खोटे रंग आणि झिपरसारखे दाते उमटतात, ते ती टाळते. विश्वाच्या मुळाशी काय आहे याचा विचार करणाऱ्या माणसाचा कोड आज कुणाच्याही लॅपटॉपवर साडीचे काठ नीट करतो!

डार्कटेबलची गोष्टही अशीच. २००९ मध्ये ते सुरू करणारे योहानेस हानिका हे कॉम्प्युटर ग्राफिक्सचे संशोधक. पुढे न्यूझीलंडच्या वेटा डिजिटल या स्टुडिओत, सिनेमातली दृश्यं रंगवणाऱ्या ‘मानुका’ या रेंडररवरही त्यांनी काम केलं. डार्कटेबल आतून ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट आकड्यांवर चालतं आणि जड हिशेब ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतं, त्यात ग्राफिक्सच्या या अभ्यासाची छाप दिसते.

रॉथेरपीचे मूळ कर्ते गाबोर होर्वाथ हे हंगेरीचे. आरंभी हा प्रोग्रॅम फुकट होता, पण त्याचा कोड बंद होता. २०१० च्या जानेवारीत होर्वाथ यांनी तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. एकट्याच्या हातात राहिला असता तर आज तो कुठे असता कोण जाणे. खुला झाला आणि अनेक देशांतल्या लोकांनी पुढे नेला.

मुहूर्त अयनाचा

डार्कटेबलची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, तीही उन्हाळी आणि हिवाळी अयनदिनाच्या सुमाराला. म्हणजे २१ जून आणि २१ डिसेंबरच्या आसपास. पूर्वी हा मान नाताळच्या आदल्या दिवसाला होता. विंडोजवाल्यांना मात्र अनेक वर्षं वाट पाहावी लागली, कारण हे बनवणारे बहुतेक लिनक्स वापरणारे. कुणी तरी विंडोजची बाजू मनापासून सांभाळायला पुढे आलं, तेव्हा कुठे २०१७ च्या डिसेंबरमध्ये २.४ आवृत्तीबरोबर ते विंडोजवर अधिकृतपणे उतरलं.

उष्णतेचं गणित उलटं फिरवलं तर?

तापलेल्या तव्याची उष्णता कडेकडेला पसरत जाते. लेन्समधून येणारा प्रकाशही थोडा पसरतो आणि फोटो किंचित मऊ होतो. डार्कटेबलमधलं ‘डिफ्यूज ऑर शार्पन’ हे मॉड्यूल २०२१ मध्ये आलं. ते हे पसरणं उष्णतेच्या समीकरणांनी मांडतं आणि मग उलट दिशेने चालवतं. पसरलेलं पुन्हा गोळा होतं, फोटो धारदार होतो. सुलट चालवलं तर तेच मॉड्यूल फोटोला जलरंगासारखं करतं. धुकं कमी करणं, नॉइज दाबणं, करपलेले पांढरे भाग भरणं, सगळं एकाच गणितातून. कॉम्प्युटर जुना असेल तर मात्र ते घाम काढतं.

फिल्म्युलेटर नावाचा आणखी एक छोटा खुला प्रोग्रॅम तर डार्करूममधल्या रसायनांचंच नाटक वठवतो. फिल्म धुताना उजळ भागापाशी डेव्हलपर हे रसायन लवकर संपतं, म्हणून तो भाग जास्त भडकत नाही. हे डेव्हलपर संपणं फिल्म्युलेटर आकड्यांत घडवून आणतो. फोटोत त्याचा गुण लगेच दिसतो.

मिरवणुकीतला निळा डाग

आता आपल्याकडची अडचण. गणपतीच्या मिरवणुकीत निळ्या एलईडीखाली ढोल वाजवणाऱ्याचा फोटो काढला, की चेहऱ्याच्या जागी सपाट निळा डाग येतो. नाक-डोळे त्यात बुडून जातात. असं होतं, कारण त्या उजेडात लाल आणि हिरवं जवळपास नसतंच, सगळा भार एकट्या निळ्यावर. शिवाय बहुतेक सेन्सर डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांनाही थोडी दाद देतात आणि ती निळ्यातच जमा होते. परिणामी डोळ्याने कधी पाहिलाच नाही असा, अस्तित्वात नसलेला निळा आकड्यांत उमटतो. डार्कटेबलच्या ‘कलर कॅलिब्रेशन’ मॉड्यूलमधला गॅमट कॉम्प्रेशनचा स्लायडर अशा रंगांना आवाक्यात आणतो आणि चेहऱ्याचे उतार-चढाव पुन्हा दिसू लागतात. पण निळा सेन्सरवरच भरून वाहिला असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर हतबल. अशा उजेडात एक-दीड स्टॉप कमी एक्सपोजर ठेवावं; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा.

जेजुरीच्या भंडाऱ्यात याच्या उलट होतं. हळदीचा पिवळा इतका गडद की जेपीईजीत निळ्याचा आकडा शून्याला टेकतो आणि उधळलेल्या भंडाऱ्याचा पोत नाहीसा होतो. रॉमध्ये तो पुष्कळदा शाबूत असतो. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपीईजीत फक्त २५६. त्या १६,३८४ पैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या, सर्वांत उजळ एका स्टॉपमध्येच खर्च होतात. सावल्यांच्या वाट्याला फार थोड्या उरतात. मुळात तिथे उजेडही फार थोडा जमलेला असतो, म्हणून फार काळा आलेला फोटो उजळवला की दाणेदार दिसतो.

आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. रॉमध्ये काढत असलात तरी पडद्यावर दिसतो तो फाइलमध्ये दडलेला छोटा जेपीईजी, आणि हिस्टोग्रामही सहसा त्यावरूनच काढलेला. पडदा ‘उजळ भाग गेला’ म्हणतो, तेव्हा रॉमध्ये तो बरेचदा शिल्लक असतो. रॉथेरपीत रॉचा स्वतःचा हिस्टोग्राम पाहता येतो, तेव्हा खरं काय ते कळतं.

माळ्यावरच्या निगेटिव्ह

या भागावर माझा विशेष जीव आहे. घरोघरी कपाटात, माळ्यावर, जुन्या बिस्किटांच्या डब्यांत ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या निगेटिव्हच्या पट्ट्या पडून आहेत. मुंजी, बारशी, सहली, आता नसलेली माणसं. स्कॅनर नसला तरी चालेल. पांढऱ्या उजेडाच्या सपाट पेटीवर पट्टी ठेवा, मॅक्रो लेन्सने तिचा रॉ फोटो घ्या आणि डार्कटेबलचं ‘निगाडॉक्टर’ मॉड्यूल लावा. ते २०२० मध्ये आलं. सिनेमाच्या फिल्म डिजिटल करण्यासाठी कोडॅकने बनवलेल्या ‘सिनिऑन’ पद्धतीवर ते आधारलेलं आहे. फ्रेमच्या बाहेरची, उजेड न पडलेली कड त्याला दाखवली की निगेटिव्हचा तो नारिंगी थर ते वजा करतं. रॉथेरपीतही फिल्म निगेटिव्हचं साधन आहे. उजेडाच्या पेटीऐवजी पट्टी मोबाइलवर ठेवायची झाली तर तिच्यात आणि पडद्यात थोडं अंतर राखा, नाहीतर पडद्याचे ठिपकेही फोटोत येतात. फिल्मचे रंग वर्षागणिक उडत जातात, तेव्हा हे काम पुढल्या दिवाळीवर ढकलू नका.

मूळ फाइल सोवळ्यात

डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही प्रोग्रॅम मूळ रॉ फाइलमधल्या फोटोला हात लावत नाहीत. तुम्ही केलेले बदल शेजारी एका छोट्या फाइलमध्ये लिहिले जातात, डार्कटेबल एक्सएमपी फाइल लिहितं आणि रॉथेरपी पीपी३. काही किलोबाइटचा मामला. त्यामुळे एकच रॉ फाइल दहा मित्रांत वाटून प्रत्येकाने आपापल्या परीने शिजवायची, आणि मग फक्त या छोट्या फाइली एकमेकांना पाठवायच्या, असा सुंदर खेळ खेळता येतो. दुसऱ्याने आकाश कसं सांभाळलं, त्वचेचा रंग कसा आणला, हे पायरी-पायरीने उलगडून बघता येतं. शिकण्याची यासारखी पद्धत नाही. डार्कटेबलमधून बाहेर काढलेल्या जेपीईजीतही ही पायऱ्यांची नोंद ठेवता येते.

डार्कटेबल उघडल्यावर पन्नासहून अधिक मॉड्यूल समोर येतात आणि नवखा माणूस बिचकतो, ही तक्रार खरी आहे. पण रोजच्या फोटोला एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, टोन, लेन्स दुरुस्ती आणि नॉइज एवढं पुरतं. तेही झेपत नसेल तर रॉथेरपीतून फुटून निघालेलं, जास्त सुटसुटीत ‘एआरटी’ वापरून पाहा.

तुमचा कॅमेरा यादीत आहे का?

लेन्सने वाकवलेल्या भिंती सरळ करणारी लेन्सफन ही माहितीपेढी लोकांनीच सरळ रेषांच्या इमारतींचे फोटो काढून भरत नेली. डार्कटेबलला कोणता कॅमेरा कोणत्या आयएसओला किती नॉइज देतो हे ठाऊक असतं, तेही वापरणाऱ्यांनी चाचणीचे फोटो काढून दिले म्हणून. कॅमेऱ्यांच्या नमुना फाइलींचं भांडार रॉ डॉट पिक्सल्स डॉट यूएस या पत्त्यावर आहे. नवी आवृत्ती करताना जुनं काही बिघडलं नाही ना, हे याच फाइलींवर तपासतात. ज्या कॅमेऱ्याचा नमुना तिथे नाही, अशा काही मॉडेलचा आधार डार्कटेबलने थांबवलेलाही आहे.

तेव्हा आज एवढं करा. तुमच्याकडचा जुना कॅमेरा, किंवा रॉ फोटो देणारा मोबाइल, त्या भांडाराच्या यादीत आहे का बघा. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून डीएनजी रॉची सोय आहे, फक्त तुमच्या मोबाइलने ती दिलेली असायला हवी. नाव नसेल तर एक फोटो चढवा. आडवा, फोकसमधला, नीट एक्सपोज झालेला, त्यात माणसं नकोत, आणि तो सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशा सीसी झिरो परवान्याखाली द्यायचा. खिडकीबाहेरचं झाडही चालेल.