भंगारातील पट्टाकरवत पुन्हा धावू शकते

अमरावती : वऱ्हाडात कपाशीबरोबर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि त्यांची यंत्रे दुरुस्त करणारी वर्कशॉपेही आली. अमरावती-अकोल्यातील जुने कारखाने बंद पडत गेले, तशी यंत्रे वजनाच्या भावाने भंगारात निघाली. अशा भंगारात कधी लोखंडी सळ्या व पाइप कापणारी पट्टाकरवत, म्हणजेच बँड सॉ, हाती लागते. घरी छोटे वर्कशॉप थाटणाऱ्याला ती मोठी उपयोगाची. मात्र पारख न करता घेतल्यास पैसा आणि बोटे, दोन्ही धोक्यात येतात.

जुने यंत्र म्हणजे निकामी यंत्र नव्हे, याचा दाखला याच दोन जिल्ह्यांत आहे. मूर्तिजापूर आणि अचलपूरला जोडणाऱ्या 'शकुंतला' रेल्वेचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झाले होते. ते १९९४ पर्यंत धावत होते.

आधी गती तपासा

लाकूड आणि धातू कापणाऱ्या पट्टाकरवती दिसायला सारख्याच असतात, फरक गतीचा. लाकडासाठी पाते मिनिटाला हजार मीटरच्या आसपास धावते. साध्या पोलादासाठी पंचवीस-तीस मीटर पुरतात. लाकडाची करवत लोखंडाला लावली, तर दात तापून लगेच बोथट होतात.

हिशेब सोपा आहे. चाकाचा व्यास २०० मिलिमीटर असेल, तर परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर होतो. मिनिटाला ३० मीटर गतीसाठी चाकाचे ४८ फेरे हवेत. मोटारीचे फेरे १४४० असतील, तर पुली व गियरबॉक्सने मिळून गती तीस पटींनी कमी केली पाहिजे.

बीड आणि गियरबॉक्स

सांगाडा बिडाचा असतो. तडा शोधण्यासाठी त्यावर रॉकेल लावून काही वेळाने कोरडे पुसावे व खडूची पूड भुरभुरावी. तडा असल्यास आत मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. गियरबॉक्समधील तेलात पिवळसर चुरा आढळला, तर कांस्याचा गियर झिजला असे समजावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे तो कोरडा न घासता ओल्या पॉलिश पेपरने काढावा.

घरची वीज

अशा यंत्रांवर बहुधा ४१५ व्होल्टची थ्री-फेज मोटार असते; घरात मात्र सिंगल फेज येते. मोटार 'स्टार' जोडणीची असून तिची सहाही टोके बाहेर असतील, तर ती 'डेल्टा'त जोडून व्हीएफडीवर २३० व्होल्टला चालवता येते. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. अर्थिंगही तपासून घ्यावे.

काप तिरका जात असेल, तर बहुतेकदा दोष पात्याला आधार देणाऱ्या गाइड बेअरिंगांचा असतो. ती बदलता येतात. पाते निवडताना किमान तीन दात एकाच वेळी धातूत असावेत. पातळ पाइपला मोठ्या दातांचे पाते लावल्यास दात तुटतात. चालू यंत्रावर हातमोजे घालू नयेत व पात्यावरचे झाकण काढू नये.

मोटार, बेअरिंग, पाते बाजारात मिळतात. बीड आणि गियरबॉक्स शाबूत असतील, तर यंत्र वाचवावे. दोन्ही गेली असतील, तर भंगाराचाच भाव योग्य.