आधी उथळं बघा

जुन्या लाकडाच्या वखारीत पाडलेल्या वाड्यांचे खांब आडवे रचलेले असतात. गिऱ्हाईक कोरीव केळफुलावरून हात फिरवतं. जाणता सुतार मात्र उकिडवा बसतो आणि खांबाचा बुडखा पटाशीने टोकरून बघतो. भुसा निघाला की उठतो, पुढच्या खांबाकडे जातो.

कारण साधं आहे. मुळांतलं पाणी शेंड्याला नेणाऱ्या बारीक नळ्या झाड तोडल्यावरही लाकडात तशाच राहतात. त्यामुळे लाकूड अंगाने घेतं त्याच्या कितीतरी पट पाणी कापलेल्या तोंडाने पितं. ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर कुजवणारी बुरशी लागत नाही. ओल वाढून तशीच मुरली की बुडखा भुसभुशीत होऊ लागतो.

वाडे बांधणाऱ्यांनी म्हणूनच खांब जमिनीत पुरले नाहीत. दगडी उथळं ठेवलं, त्याच्या खाचेत खांबाचं कुसू बसवलं. वरून तुळईचा भार आला की खांब जागचा हलत नाही, आणि जमीन पुसली तरी पाणी दगडापाशीच थांबतं.

‘पण आमचा तर साग आहे!’ असेल. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, सालीलगतच्या फिक्या लाकडात ती जवळजवळ नसतात. तेव्हा साग आहे का, यापेक्षा त्यात गाभा किती आहे, हे विचारावं. शिवाय ओलीत वर्षानुवर्षं उभा राहिला तर गाभाही कायमचा टिकत नाही.

लाकडाला आगीचं भय असतंच. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून साग आणला होता. १८२८च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले, दगडी जोती आणि तट उरले. तरी माझ्या मते, राहत्या वाड्यांचा घात आगीपेक्षा नव्या फरशीने जास्त केला. जुन्या फरशीवरच टाइल्स बसवतात, जमीन दोन इंच वर येते, उथळं गडप होतं. भोवती सिमेंट, वर ऑइल पेंट. जोत्यातून चढणारी ओल मग बुडख्याशी कोंडते, आणि घरातल्यांना ते कळतं वरचा मजला झुकल्यावर.

असा खांब सगळा बदलावा लागतोच असं नाही. तुळईला टेकू देऊन, सडलेला भाग कापून तिथे वाळलेल्या सागाचा तुकडा सांधता येतो. वाडा दुरुस्तीला काढला असेल तर फरशीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा: काम संपल्यावर प्रत्येक खांबाखालचं उथळं दिसलं पाहिजे.