सिकलसेल : एका अक्षराचा फरक आणि दोन नाण्यांचं गणित



घरात बाळ जन्माला आलं की तासाभरात चर्चा सुरू होते. नाक आजोबांचं, रंग आत्याचा, आणि हट्टीपणा बापाचा! म्हणजे आनुवंशिकता आपल्याला पुस्तकाच्या आधी घरातूनच माहीत असते. पुस्तकात तिला जनुक, गुणसूत्र अशी नावं मिळतात एवढंच. नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा आहे आणि त्यात सिकलसेलची माहितीही येते. पण गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांतल्या शाळांत हा विषय नववीची वाट पाहत बसत नाही. पहिली-दुसरीतच एखादं मूल सारखं गैरहजर राहतं, हातपाय दुखतात म्हणून रडतं, डोळे पिवळसर दिसतात. आपण त्याला 'आळशी' म्हणून मोकळे होतो. म्हणून प्राथमिकच्या शिक्षकांना आणि पालकांना हा आजार नीट कळायला हवा.

एका अक्षराचा फरक

मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. फक्त वेलांटी बदलली आणि अर्थ पार बदलला. सिकलसेलमध्ये हेच घडतं.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून, एक वडिलांकडून. अकराव्या जोडीवर रक्तातलं हिमोग्लोबिन कसं बनवायचं त्याची कृती लिहिलेली असते, डीएनएच्या अक्षरांत. त्यातलं एक अक्षर बदललं की हिमोग्लोबिनच्या 146 मण्यांच्या एका माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी 145 मणी जागच्या जागी! पण तेवढ्यानं काय होतं, तर ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याच्या लांब दोऱ्या तयार होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळा. पुस्तकात 'दात्र' हा शब्द आहे, त्याचाही अर्थ विळाच. मुलांना दात्र कळत नाही, विळा लगेच कळतो.

निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही विळ्याची पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. त्यामुळे रक्त कायम कमी. शिवाय या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. त्या वेदना इतक्या असतात की मोठी माणसंसुद्धा गडबडा लोळतात.

या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केलं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं. आपल्या देशात 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये तो आढळल्याची नोंद झाली.

वर्गात करून पाहा : दोन नाणी

आता मुख्य मुद्दा. प्रत्येकाकडे हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती असतात. चांगल्या प्रतीला 'ए' म्हणू, बदललेल्या प्रतीला 'एस'. दोन्ही चांगल्या असतील तर एए, म्हणजे निरोगी. एक चांगली, एक बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहक माणूस सहसा आजारी नसतो. शेती करतो, खेळतो, संसार करतो, आणि तपासणी होईपर्यंत त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.

दोन वाहकांचं लग्न झालं तर काय? मुलांच्या जोड्या पाडा. प्रत्येकाच्या हातात एक नाणं द्या. एक जण आई, एक जण वडील. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोघांनी एकदम नाणं उडवायचं, म्हणजे एक बाळ. अशी प्रत्येक जोडीनं चार बाळं वहीत नोंदवायची.

नियम असा की प्रत्येक वेळी 25 टक्के शक्यता एएची, 50 टक्के एएसची आणि 25 टक्के एसएसची. मुलांना वाटतं, चार बाळांत बरोब्बर एक आजारी निघणार. पण वह्या तपासल्या की मजा येते. एखाद्या जोडीला चारपैकी एकही काटा-काटा मिळालेला नसतो, एखादीला दोन मिळालेले असतात. मग सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडली की आकडा चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो. (टक्केवारी शिकवायलाही हा उपक्रम झकास आहे.)

हे घरोघरी पोचायला हवं. "पहिलं पोरगं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होणार" असं लोक खरोखर मानतात. नाण्याला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा तेवढीच.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. एसएस मूल जन्मायला दोन एस लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. तरी दोष कुणाला दिला जातो ते तुम्हाला सांगायला नको. "हिच्या माहेरचं खूळ आमच्या घरात आलं." बाईला घराबाहेर काढल्याच्या, नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याच्या गोष्टी या भागात नोकरी केलेल्या शिक्षकाच्या कानावर कधी ना कधी येतातच. नाण्यांच्या खेळात वडिलांचंही नाणं असतं, हे मुलांच्या डोळ्यांसमोर येतं. मुली तर लगेच बोलून दाखवतात.

इथे एक सावधगिरी. जीभ गुंडाळता येणं न येणं हे उदाहरण आपण सर्रास एका जनुकाचं म्हणून देतो. ते बरोबर नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला जीभ गुंडाळता येते, दुसऱ्याला येत नाही. उंची आणि कातडीचा रंग तर अनेक जनुकं मिळून ठरवतात, शिवाय उंचीत खाण्यापिण्याचा वाटा मोठा. "तुझं आईवडिलांशी जुळत नाही" असा निष्कर्ष मूल घरी घेऊन जाणार नाही, याची काळजी घ्या.

हा अमुक जातीचा आजार आहे का?

नाही. सिकलसेल आफ्रिकेत आहे, सौदी अरेबियात आहे, ग्रीसमध्ये आहे. 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे मलेरियाच्या जंगलात एक एस अंगात असणं पिढ्यान् पिढ्या फायद्याचं ठरलं, म्हणून तो टिकला. आपल्याकडे आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण जास्त दिसतं, विदर्भात इतर काही समाजांतही दिसतं. लग्नं आपापसातच होत राहिली की एस त्याच समाजात फिरत राहतो, दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न केल्यानं तर ती आणखी वाढते.

पत्रिकेसोबत रक्ताचा रिपोर्टही

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणी झाली की कार्ड मिळतं. पण कार्ड मिळालं आणि अर्थ कळला नाही तर त्याचा उलटा त्रास होतो. मुलगी वाहक आहे म्हणून जमलेलं लग्न मोडायचं, आणि मुलाची तपासणीच करायची नाही! मुलगी एएस आणि मुलगा एए असेल तर त्यांच्या एकाही अपत्याला सिकलसेलचा आजार होणार नाही. फार तर निम्मी शक्यता वाहक होण्याची. दोघंही वाहक असतील तर मात्र लग्नाआधी डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होऊ शकते.

वर्गात एसएस मूल असेल तर

पाण्याची बाटली त्याच्या बाकावर असू द्या, तासाला मध्येच पाणी पिऊ द्या. पाणी जास्त म्हणजे लघवीला जास्त जावं लागणार, तेव्हा परवानगीसाठी ताटकळत ठेवू नका. उन्हात उभं करण्याची शिक्षा (ती तशीही कुणालाच नको), दमेपर्यंत पळवणं, थंडीत कुडकुडत परिपाठाला बसवणं, हे सगळं वेदनेला आमंत्रण. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, अचानक हात-पाय लुळा पडला किंवा पोट फुगून मूल पांढरंफटक दिसू लागलं तर शाळा सुटायची वाट पाहू नका, थेट दवाखाना.

बऱ्याच मुलांना रोज हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू असते. हायड्रॉक्सियुरियानं वेदनेचे झटके कमी होतात, म्हणून ती मध्येच बंद होऊ नये. बुवाच्या अंगाऱ्यासाठी तर मुळीच नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मात्र या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांचं रक्त लोह नसल्यामुळे कमी होत नाही, पेशी लवकर फुटतात म्हणून कमी होतं.

पालकांनो, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा, दहावीची वाट पाहू नका.

आणि शिक्षकांनो, कुणाच्या कार्डावर काय लिहिलंय हे हजेरीसारखं वर्गात वाचून दाखवू नका. ती माहिती तुमच्या कपाटात, मुख्याध्यापकांकडे आणि आरोग्यसेविकेकडे असली की पुरे.