गढूळ पाण्याचा हिशेब

आमच्या कळंबच्या चक्रावती नदीला पूर आला की पाणी चहासारखं दिसतं, असं आम्ही लहानपणी म्हणायचो. तो रंग म्हणजे कुणाच्या तरी वावरातली माती, हे फार उशिरा कळलं. डॉक्टरेट झाल्यावर मी ही माती मोजण्याच्याच संशोधनात पडलो.

जुनी रीत साधी आहे. बाटलीत पाणी भरायचं, गाळणकागदातून गाळायचं, कागद वाळवून वजन करायचं. पण वर्षाचा बहुतेक गाळ मोजक्या पुरांत, काही तासांत वाहून जातो. मध्यरात्री पूर आला तर बाटली घेऊन पुलावर कोण जाणार? उपग्रहाचं म्हणाल, तर नेमके तेव्हाच ढग आड येतात.

म्हणून पाण्यात सेन्सर ठेवतात. तो उजेड सोडतो आणि कणांवरून परतलेला उजेड दर काही मिनिटांनी मोजतो. पण गोम इथेच आहे. यंत्र माती तोलत नाही, गढूळपणा पाहतं. वजन सारखंच असलं, तरी बारीक चिकणमाती वाळूपेक्षा कितीतरी जास्त उजेड परतवते. दुसऱ्या नदीचं कोष्टक इथे लावलं, की टनांचा हिशेब चुकलाच. काचेवर शेवाळ धरलं तर स्वच्छ पाणीही गढूळ दिसतं. एकदा मी शेवाळालाच आठवडाभर पूर समजत होतो!

त्यामुळे बाटली काही सुटत नाही. राज्यात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. उपसलेला गाळ ट्रॉल्यांवरून मोजता येतो. दर पावसाळ्यात नवा किती येतो, हे मात्र नदीलाच विचारावं लागतं.