सुटलेलं पळणं परत धरताना

ताईंनो, मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपल्यावर एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, लग्नाआधी मी पोलीस भरतीसाठी पळायचे. आता पोरगी दीड वर्षाची झाली. वयात अजून बसते. पण चार दिवस पळाले आणि नडगी धरली. सोडून देऊ का?"

सोडायचं कशाला? भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय गोळाफेक असते, मिळून ५० गुण. ताईने पहिल्याच दिवशी घड्याळ लावून ८०० मीटर मारले. चूक तिथे झाली.

मीही हेच केलंय. कॉलेजनंतर तीन वर्षं पळणं बंद होतं. परत सुरू केलं तेव्हा पहिला आठवडा झकास गेला, दुसऱ्या आठवड्यात जिना उतरता येईना. कारण दम लवकर परत येतो, काही आठवड्यांत छाती साथ देते. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या मात्र तयार व्हायला महिने घेतात. "आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला काय होतंय," असं बऱ्याच जणी म्हणतात. राबून ताकद राहते हे खरं. पण पळताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. खुरपताना तो येत नाही.

म्हणून आधी दुखणं पूर्ण थांबू द्या. मग दोन आठवडे रोज अर्धा तास झपाझप चाला. त्यानंतर एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, तेही एक दिवस आड. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. त्रास नसेल तरच पुढच्या आठवड्यात पळण्याचं एक मिनिट वाढवा. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं, आणि चपलेवर नको. कापूस वेचून पाठ मोडली असेल त्या दिवशी सुट्टी घ्या.

बाळंतपणानंतर किमान तीन महिने पळू नका. सिझर झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पळताना लघवी थेंब थेंब होत असेल, ओटीपोटात जड वाटत असेल तर थांबा आणि दाखवा. यावर व्यायाम आहेत, त्याने फरक पडतो. पण लाजेपायी कुणी बोलतच नाही! हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते, तेव्हाही दाखवायचं. लवकर धाप लागत असेल तर उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आधी त्याचा इलाज.

ती ताई आता पहाटे जावेला सोबत घेऊन शाळेच्या मैदानावर जाते. पोरगी सासूबाईंजवळ असते. घड्याळ मी काढून घेतलंय, दिवाळीनंतर परत देणार आहे.